काचेपलीकडचं पाणी

इतिहास म्हटलं की आमच्या जुन्नरकराची मान आपोआप शिवनेरीकडे वळते. त्यात काही चूक नाही. शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, नाणेघाट आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे असं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा शिलालेखही तिथल्या गुहेत आहे. पण श्रोतेहो, आज मी तुम्हाला एका फार लहान घटनेचा इतिहास सांगणार आहे. तिचा शिलालेख नाही, बखर नाही. पुरावा म्हणाल तर चाळीस मुलांचा एक धूसर फोटो. ही घटना म्हणजे आमची शाळेची सहल.

साल १९८६, महिना जानेवारी. मी नववीत होतो. मूळचा जुन्नरचा, पण आठवीपासून घोडेगावात मामूंकडे शिकायला. अब्बा जुन्नरला शिवणकाम करायचे. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि खेळताना दोन्हींची खिचडी. शाळेच्या फळ्यावर एके दिवशी सूचना लागली : मुंबई सहल, तारापोरवाला मत्स्यालय आणि नेहरू विज्ञान केंद्र. वर्गणी अमुक, पालकांचं संमतिपत्र आवश्यक. सगळ्या शाळेत त्या दिवशी शिकवणं झालंच नाही म्हणा ना.

वर्गणीचा आकडा आज सांगितला तर कुणी हसेल. तेव्हा तो अब्बांच्या चार पँटींच्या शिलाईएवढा होता. अब्बांनी दिला. आमच्या वर्गात मुली अठरा होत्या, सहलीला चौघीच आल्या. बाकीच्यांच्या घरून एकच उत्तर, ‘मुंबईला? रात्रीची मुक्कामाला? नको.’ नाणेघाटातल्या रांजणासारखाच तो वर्गणीचा डबा होता. ज्याच्याकडे टाकायला काही होतं, तोच घाट उतरला.

माझ्या बाकावर बसणारा मित्र आदिवासी वसतिगृहात राहायचा. महादेव कोळी समाजाचा, घोडेगावच्या वर घोड नदीच्या खोऱ्यातल्या एका वाडीचा. त्याचं नाव मी सांगत नाही, त्याला ते आवडायचं नाही. त्यानं वर्गणी भरली ती हिरड्याच्या पैशातून. आधीच्या उन्हाळ्यात आईबरोबर रान तुडवून बाळहिरडा गोळा केला होता, तो विकून आलेले पैसे त्यानं पत्र्याच्या पेटीत, गणिताच्या वहीखाली जपले होते. सरांच्या हातात त्यानं सगळी चिल्लरच दिली. सरांनी ती दोनदा मोजली.

प्रासंगिक कराराची एस.टी. रात्री निघाली. घोडेगाव, जुन्नर, ओतूर आणि मग माळशेज. थंडी अशी की खिडकीच्या फटीत आम्ही वर्तमानपत्रं कोंबली होती. जुन्नरच्या स्टँडवर अम्मी उभी होती, हातात गुळाच्या पोळ्यांचा डबा. खिडकीतून म्हणाली, ‘समंदर देख के आ, पर पानी में पाँव नको डालू.’ मित्रानं विचारलं, ‘काय म्हणाली रे?’ मी म्हटलं, ‘नको म्हणाली.’ तो म्हणाला, ‘नको तर आमच्यातबी म्हणत्यात.’ आम्ही दोघं ओतूरपर्यंत हसत होतो.

पहाटे कल्याण, सकाळी मरीन ड्राइव्ह. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं, हे मी कवी असूनही मला आजवर लिहिता आलेलं नाही. ते राहू दे. मत्स्यालयाबद्दल सांगतो.

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. बांधकामाला आठ लाख रुपये लागले, त्यांतले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्यानं दिले, म्हणून त्यांचं नाव. काचेच्या टाकीत जिवंत मासे ठेवून ते लोकांना दाखवण्याची चाल जगातही फार जुनी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली असं पहिलं सार्वजनिक मत्स्यघर झालं. तोवर मासा माणसाला दोनच ठिकाणी दिसे, जाळ्यात किंवा ताटात. पाण्याखाली तो कसा वळतो, कसा झोपतो, कसा रुसून कोपऱ्यात बसतो, हे काचेनं दाखवलं.

आत अंधार होता आणि टाक्या उजळलेल्या. कासव होतं, समुद्रघोडा होता, रंगीत मासे तर विचारू नका. काचेवर बोटं टेकवली की पहारेकरी ओरडायचा, ‘हात लावू नका!’ आमच्या सरांनी एका मार्गदर्शकाला सांगितलं, ही आंबेगाव तालुक्यातली मुलं. कुणीतरी मित्राकडे बोट दाखवून म्हटलं, ‘हा कोळी आहे.’ मार्गदर्शक खूश झाला. म्हणाला, ‘अरे वा, मग याला मासे काय दाखवायचे! याच्या तर घरचेच.’ सगळे हसले. मित्र गोरामोरा झाला. हळूच म्हणाला, ‘आम्ही डोंगरातले कोळी. आम्ही भात लावतो.’

खरं होतं ते. किनाऱ्यावरचे सोनकोळी वेगळे आणि सह्याद्रीतले महादेव कोळी वेगळे. नावात कोळी आहे म्हणून होडी असेलच असं नाही. आमच्या मित्राच्या वाडीत नाचणी, वरई, भात आणि हिरडा. मासे म्हणाल तर पावसाळ्यात ओढ्याला येतील तेवढे, आणि खेकडे.

पण त्यानं मार्गदर्शकाला एक प्रश्न विचारला. टाकीच्या तळाशी एका नळीतून सारखे बुडबुडे सुटत होते. त्यानं विचारलं, ‘हे कशापायी सोडलेत?’ मार्गदर्शक चांगला माणूस होता. त्यानं समजावलं : मासाही श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी ओढून घेतो. टाकीतलं पाणी साठलेलं, हललं नाही तर त्यातला प्राणवायू संपत जातो आणि मासे गुदमरतात. बुडबुड्यांमुळे पाणी ढवळतं, वरच्या पाण्याला हवा लागते, प्राणवायू पुन्हा मिसळतो. मित्रानं जरा विचार केला आणि म्हणाला, ‘आमच्या ओढ्यात हे फुकटात होतंय. पाणी दगडावर आपटतं ना.’ मार्गदर्शकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. सहलीत शाबासकी मिळालेला तो एकटाच.

दुपारी वरळी. नेहरू विज्ञान केंद्राचं उद्घाटन होऊन दोन महिनेच झाले होते. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी ते उघडलं होतं. त्याआधी तिथे १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं प्रदर्शन झालं होतं आणि १९७९ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मुलांसाठी विज्ञान उद्यान सुरू झालं होतं. इमारतीचे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे, मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे.

आपल्याकडे संग्रहालय म्हणजे अजबखाना. आमची नानी मुंबईची एकच गोष्ट सांगायची, राणीची बाग आणि तिथला अजबखाना. काचेच्या कपाटात वस्तू, खाली चिठ्ठी, आणि भिंतीवर पाटी : हात लावू नये. विसाव्या शतकात ही रीत हळूहळू बदलली. जर्मनीत म्युनिकच्या संग्रहालयानं लोकांना कळ दाबून यंत्र चालवू दिलं. १९६९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञानं एक्सप्लोरेटोरियम काढलं, तिथे प्रत्येक वस्तू हाताळायचीच असा नेम. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय १९५९ साली उघडलं आणि १९६५ पासून त्यांनी गाडीत प्रदर्शन घालून ते खेडोपाडी न्यायला सुरुवात केली. वरळीचं केंद्र याच घराण्यातलं. सकाळी आम्हाला ‘हात लावू नका’ म्हणून दटावलं होतं, दुपारी पहिल्याच दालनात बाई म्हणाल्या, ‘अरे, नुसते बघता काय, हात लावा!’ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शाळेत प्रयोगशाळेचं कपाट वर्षातून दोनदा उघडायचं, तेही तपासनीस आले तर.

उद्यानात एक गंमत होती. दोन मोठ्या खोलगट थाळ्या समोरासमोर, बऱ्याच अंतरावर उभ्या. एकीच्या पुढ्यात तोंड नेऊन कुजबुजायचं, दुसरीपाशी कान नेला की स्पष्ट ऐकू येतं. मधे उभ्या असलेल्याला पत्ता नाही. थाळीचा आकार असा असतो की तिच्या ठरावीक बिंदूतून निघालेला आवाज भिंतीवर आपटून सरळ रेषेत समोर जातो आणि समोरची थाळी तो पुन्हा एका बिंदूत गोळा करते. मी एका टोकाला, मित्र दुसऱ्या टोकाला. मी काहीतरी चहाटळ बोललो असेन. त्याच्याकडून मला ऐकू आलं ते एवढंच : ‘आमची वाडी पाण्यात जाणार हाय.’

मला आधी वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा कान लावला. तो म्हणाला, ‘धरणात. बा म्हणत होता.’ मागे मुलांची रांग लागली होती. आम्ही बाजूला झालो. त्यानंतर तो त्याविषयी बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही. चाळीस वर्षं झाली. तेव्हा विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

डिंभे धरणाचं काम तेव्हा चालू होतं. कुकडी प्रकल्पातलं हे घोड नदीवरचं धरण. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही त्याच प्रकल्पातली आमच्या जुन्नर तालुक्यातली धरणं. या पाण्यानं जुन्नर-आंबेगावचा पूर्वभाग हिरवा झाला. नारायणगावचा टोमॅटो, द्राक्षं, ऊस, सगळं या पाण्यावर. माझ्या घरच्या नळालाही तेच पाणी येतं, त्यामुळे मी धरणाविरुद्ध ऐटीत बोलणार नाही. पण पूर्वेला जे पिकलं, त्यासाठी पश्चिमेला काय बुडालं तेही सांगायला पाहिजे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळालं, ते जुनं आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव कागदावर राहिलं, गाव तळाशी. मित्राची वाडीही गेली. दहावीच्या वर्षी तो शाळेत आला नाही. घर वर डोंगरात हलवायचं होतं, हाताला माणूस हवा होता. प्रश्न विचारणारं आमच्या वर्गातलं सर्वांत चांगलं पोर असं शाळेबाहेर गेलं, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईची एक रेघ आली.

आता दुसरी थाळी. गंमत बघा, थाळी बघायला आम्ही मुंबईला गेलो, पण आमच्याच जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला १९७१ पासून उपग्रहाशी बोलणारी प्रचंड थाळी उभी होती. परदेशांशी उपग्रहामार्फत संपर्क साधणारं ते देशातलं पहिलं भूकेंद्र, पुढे विक्रम साराभाईंच्या नावानं ओळखलं गेलेलं. आमच्यापैकी कुणालाही शाळेनं ती दाखवली नव्हती. घरचं ते दिसत नाही, म्हणतात ना.

मग नव्वदीच्या दशकात खोडदच्या माळावर थाळ्या उगवू लागल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ही महाकाय रेडिओ दुर्बीण योजली. मीटर लांबीच्या रेडिओ लहरी ऐकणारी, म्हणून नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. एकेका थाळीचा व्यास ४५ मीटर, अशा तीस थाळ्या. चौदा खोडदला सुमारे एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या सोळा तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षरासारख्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. खोडदच का? कारण इथे डोंगरांचा आडोसा आहे आणि माणसांचा रेडिओ-गोंगाट कमी. तुम्ही माझा आवाज ज्या लहरींवर ऐकता, त्यांच्याच गोत्रातल्या लहरी आकाशातूनही येत असतात. फरक एवढाच की त्या इतक्या क्षीण असतात की आपला मोबाइलसुद्धा त्यांच्यापुढे ढोल वाजवल्यासारखा होतो.

पहिल्यांदा खोडदला गेलो तेव्हा मी चकित झालो ते वेगळ्याच गोष्टीनं. थाळी भरीव नाही, जाळीची आहे. पोलादाच्या बारीक तारांची जाळी, दोऱ्यांवर ताणलेली. तिथल्या माणसानं समजावलं : लहरीची लांबी जाळीच्या छिद्रापेक्षा कितीतरी मोठी असली की तिच्या लेखी जाळी म्हणजे आरसाच. लहर परत फिरते, वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे थाळी हलकी झाली, स्वस्त झाली, वादळात टिकली. मला एकदम मासेमारीचं जाळं आठवलं. पाणी जाऊ द्यायचं, मासा धरायचा. याच जाळ्यानं १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या स्कियापारेली यानाचा क्षीण संदेश पकडला होता. यान वाचलं नाही, पण त्याचा शेवटचा प्रवास खोडदच्या माळानं ऐकला. गोविंद स्वरूप २०२० साली गेले. त्यांच्या थाळ्या अजून कान लावून आहेत.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला मोठं प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांची मुलं स्वतः केलेले प्रयोग मांडतात आणि दुर्बीण बघायला माणसांची जत्रा लोटते. ज्या तालुक्यांतून आम्ही रात्रभर कुडकुडत मुंबईला गेलो, तिथेच आता मुंबई-पुण्याच्या शाळांच्या गाड्या येतात.

काही वर्षांपूर्वी तिथे एका मांडवात मी थबकलो. एक मुलगी आपला प्रयोग समजावत होती. पुढ्यात प्लॅस्टिकचं पिंप, त्यात बोटाएवढे मासे, आणि सायकलच्या पंपाला जोडलेली नळी. बुडबुडे सुटत होते. म्हणाली, ‘आमच्या डिंभ्याच्या जलाशयात सोडायला मत्स्यबीज आणतात, त्यातलं काही वाटेतच मरतं. वीज नसली तरी या पंपानं ते वाचवता येतं.’ मी विचारलं, ‘बाळ, गाव कुठलं?’ तिनं सांगितलं. मी विचारलं, ‘हे बुडबुडे तुला कुणी शिकवले?’ म्हणाली, ‘काकांनी. त्यांनी मुंबईला टाकीत बघितलं होतं म्हणे, लहानपणी.’

धरणानंतरची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पाणी चढलं, भाताची खाचरं गेली. वर डोंगरात उरलेल्यांनी उताराला बांध घालून नवी खाचरं काढली, त्याला आमच्याकडे पडकई म्हणतात. आणि समोर पसरलेल्या पाण्यात, ज्यांनी कधी होडी वल्हवली नव्हती ते होडी वल्हवायला शिकले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची ‘शाश्वत’ ही संस्था त्यांच्या पाठीशी राहिली, आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जलाशयात सोडतात ते रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे. तेही एका अर्थानं परगावचेच. आणि दगडावर आपटून खळाळणाऱ्या पाण्यात वाढलेले ओढ्यातले मासे साठलेल्या पाण्यात सगळेच टिकत नाहीत. माणसांचंही तसंच.

मुंबईच्या त्या मार्गदर्शकानं जे चुकून म्हटलं होतं, ते असं खरं झालं. डोंगरातला कोळी मासेमार झाला. पण ते नावामुळे झालं नाही, गाव बुडाल्यामुळे झालं.

मी मित्राला भेटायला गेलो. जलाशयाच्या काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता. केस पिकलेले, हसू तेच. बराच वेळ गप्पा झाल्या. मी बोटानं पाण्याकडे दाखवून विचारलं, ‘वाडी कुठे रे?’ १९८६ साली विचारायचा राहिलेला प्रश्न. त्यानं न बघता सांगितलं, ‘त्या टेकडीच्या खाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती दिसतात.’ मग म्हणाला, ‘तिथं काच लावली असती, तर सहली आल्या असत्या.’ तो हे हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

तारापोरवाला मत्स्यालयाचं २०१५ साली नूतनीकरण झालं, काचेचा बोगदा आला. २०२० साली साथीच्या दिवसांत ते बंद झालं आणि ती जुनी इमारत नंतर मुलांसाठी उघडली नाही. नव्या मत्स्यालयाच्या योजना होत राहिल्या. ते लवकर उभं राहो, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण घाटावरच्या एखाद्या पोरानं तिथे उभं राहून ‘हे कशापायी?’ म्हणून विचारलं पाहिजे. वरळीचं विज्ञान केंद्र आहे, तिथेही जा. पण मुंबई-पुण्याच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सहल खोडदला काढाल तेव्हा गाडी तशीच पुढे डिंभ्यालाही न्या. मुलांना थाळी दाखवा आणि ते पाणीही दाखवा. मुलं विचारतील, या पाण्याखाली काय आहे? त्यांना सांगणारी माणसं काठावर अजून आहेत.

आणि आमच्या शाळांनाही एक सांगणं. सहलीच्या वर्गणीचा डबा फिरेल तेव्हा जो चिल्लर घेऊन येतो त्याच्याकडे नीट बघा, आणि जो येतच नाही त्याच्याकडे त्याहून नीट. मी शिकून बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, आज रेडिओवर बोलतो आहे. त्या दिवशी टाकीपुढे शाबासकी मिळाली होती ती मला नव्हे.

*(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)*